खेळाचा तास म्हणजेच शारीरिक शिक्षण का? टिपण लिहायला मदत हवी

सातवीब

पुढच्या सत्राचं वेळापत्रक ठरतंय. सातवीला शारीरिक शिक्षणाचे आठवड्याला तीन तास आहेत, प्रत्येकी ३५ मिनिटांचे. त्यातले दोन गणिताला द्यावेत असा प्रस्ताव शाळेच्या समितीपुढे आला आहे. म्हणणं एवढंच, की "मुलं तिथे नुसती खेळतात, आणि खेळायला मधली सुट्टी आहेच."

याला दोन पानांत लेखी उत्तर द्यायचंय. आरोग्य हीच संपत्ती, निरोगी शरीरात निरोगी मन वगैरे नको, ते समितीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. शारीरिक शिक्षण म्हणजे नक्की काय, त्यात "शिक्षण" कुठलं, आणि ते झालं की नाही हे दाखवायचं कसं, एवढं ठोस मिळालं तर काम होईल.

---

शिट्टी

आधी कडू बोलतो. तास जर "चेंडू घ्या आणि खेळा" या पद्धतीने चालत असेल, तर समितीचं बरोबर आहे. त्याला शारीरिक शिक्षण म्हणत नाहीत. ती देखरेखीखालची सुट्टी झाली.

हिशोब करून बघा. ४० मुलं, एक चेंडू, २० मिनिटं. दर तीन सेकंदांनी कुणीतरी चेंडूला हात किंवा पाय लावतंय असं धरलं तर एकूण ४०० स्पर्श होतात. म्हणजे सरासरी प्रत्येकी १०. पण ही सरासरी फसवी आहे. सहा-सात चपळ मुलं त्यातले बहुतेक घेऊन जातात आणि दहाबारा मुलांच्या वाट्याला एकही येत नाही. तेच आठ चेंडू आणि पाच-पाच जणांचे आठ गट केले, तर त्याच २० मिनिटांत प्रत्येकाला ८० च्या आसपास स्पर्श. मैदान तेच, मुलं तीच, वेळही तेवढाच.

रांगेचंही तसंच. दहा जणांची रांग, एक धावतो आणि नऊ बघतात. २० मिनिटांच्या रिले शर्यतीत प्रत्येक मूल प्रत्यक्ष धावतं दोन मिनिटं. उरलेली १८ मिनिटं ते रांगेत पुढच्याला ढकलत असतं, आणि मग आपणच म्हणतो की वर्गाला शिस्त नाही.

म्हणून टिपणात "तास वाचवा" एवढंच लिहू नका. तासात काय होणार, हेही लिहा. नाहीतर तास वाचेल आणि पुढच्या वर्षी हाच प्रस्ताव परत येईल.

---

जुनीवही

अर्थाबद्दल. गोंधळाचं मूळ असं की एकाच मैदानावर चार वेगळ्या गोष्टी चालतात आणि चारहींना आपण "पीटी" म्हणतो.

व्यायाम किंवा शारीरिक प्रशिक्षणात शरीराची क्षमता वाढवायची असते. क्रीडा म्हणजे नियमबद्ध स्पर्धा, तिथे निवड होते आणि कच्चा खेळाडू बाहेर बसतो. मनोरंजनाला हेतूच लागत नाही. शारीरिक शिक्षणात हालचाल हे माध्यम आहे आणि हालचाल हाच विषयही आहे. तिथे निवड नाही, वर्गातलं प्रत्येक मूल विद्यार्थी आहे आणि सर्वांत कच्च्या मुलावर सर्वांत जास्त काम व्हायला हवं. गणितात ज्याला जमत नाही त्याला आपण बाकावर बसवून "तू गुण मोज" म्हणत नाही ना?

याला इतिहासही आहे. युरोपात शालेय व्यायाम सुरू झाला तेव्हा त्याच्यामागे सैन्याची गरज बरीच होती. फ्रीडरिश यान यांनी १८११ मध्ये बर्लिनला उघडं व्यायाम-मैदान सुरू केलं ते नेपोलियनच्या फौजांनी प्रशियाला हरवल्यानंतर. पेर हेन्रिक लिंग यांच्या पुढाकाराने १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामशिक्षकांची संस्था निघाली. तिथून आखीव, हुकमी कवायत देशोदेशी गेली. रांगा, हुकूम, सगळ्यांनी एकदम हात वर हा त्याच परंपरेचा वारसा. पुढे अमेरिकेत वाद पेटला. जेसी विल्यम्स यांनी १९३० मध्ये मांडलं की शिक्षण "शरीराचं" नसून "शरीराद्वारे" व्हावं. चार्ल्स मॅक्लॉय यांनी उलट विचारलं की मग स्नायूंकडे कोण बघणार? दोघांचंही पुरतं चुकलं नव्हतं. आज बहुतेक अभ्यासक्रम दोन्ही पाय धरून चालतात: शरीराचं शिक्षण, आणि शरीराद्वारे शिक्षण.

टिपणासाठी अधिकृत आधार हवा असेल तर युनेस्कोची १९७८ ची सनद आहे. शारीरिक शिक्षण आणि क्रीडा यांत भाग घेणं हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क असल्याचं तिच्या पहिल्याच कलमात आहे. २०१५ मध्ये ती सुधारून पुन्हा स्वीकारली गेली. मात्र सनदेने समिती हलत नाही, तेव्हा तिला एका ओळीहून जास्त जागा देऊ नका.

---

गणितवाली

मी पलीकडच्या बाजूची, म्हणून समिती काय विचारेल ते सांगते.

"मुलं तंदुरुस्त राहतात" असं लिहिलंत तर हा हिशोब पुढे येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल हवी, म्हणजे आठवड्याला ४२० मिनिटं. तुमचे तीन तास मिळून १०५ मिनिटं. त्यातला निम्मा वेळ मुलं खरोखर हलती राहिली (ही चांगल्या तासाची सर्वसाधारण मोजपट्टी आहे), तर ५२ मिनिटं. म्हणजे गरजेच्या आठव्या हिश्शाइतकी! उरलेलं सगळं शाळेबाहेर किंवा सुट्टीत व्हायचंय. मग समिती म्हणेल, इतक्याशाने काय फरक पडतो?

याचं उत्तर याच आकड्यात आहे. तंदुरुस्ती तासात *मिळत* नाही, उरलेली ३६८ मिनिटं कशी घालवायची ते तासात *शिकायचं* असतं. ज्याला पोहायला, झेलायला, तोल सांभाळायला येत नाही ते मूल सुट्टीत कडेलाच उभं राहणार. भाषेच्या तासात कुणी वर्षभराचं वाचन उरकत नाही, तिथे वाचायला शिकवतात. "मधली सुट्टी आहेच" या मुद्द्याला हे सरळ उत्तर आहे.

मार्कांबद्दल जपून लिहा. "खेळल्याने गणित सुधारतं" असं ठामपणे लिहिलंत तर कुणीतरी खोडून काढेल, कारण निष्कर्ष सगळीकडे सारखे नाहीत. त्यामानाने भक्कम गोष्ट अशी, की शारीरिक शिक्षणाला वेळ दिला म्हणून इतर विषयांचे मार्क घसरत नाहीत. कॅनडात त्र्वा-रिव्हिएर इथे १९७० च्या दशकात प्राथमिकच्या मुलांना रोज ६० मिनिटं जादा शारीरिक शिक्षण दिलं, तेही इतर विषयांचा वेळ कापून. निकाल खाली गेले नाहीत. तुम्हाला एवढंच सिद्ध करायचंय, त्यापुढचा दावा कशाला?

---

सातवीब

३६८ मिनिटांचा मुद्दा तसाच्या तसा उचलतेय, आभार.

पण "शिकवतात" म्हणजे काय, ते समितीला एका उदाहरणातून दाखवावं लागेल. आणि आमची परिस्थिती: वर्गात ४४ मुलं, चेंडू सहा, मैदान अर्धंच (अर्ध्यावर दुसरा वर्ग).

---

शिट्टी

उदाहरण खांद्यावरून फेकीचं घ्या. सगळ्यांना वाटतं ती आपोआप येते. येत नाही. बारा-तेरा वर्षांचीही कितीतरी मुलं चेंडू फेकत नाहीत, ढकलतात.

उजव्या हाताने फेकणाऱ्यासाठी क्रम असा: लक्ष्याकडे डावी कूस करून उभं राहणं. हात मागे नेताना कोपर खांद्याच्या उंचीला. डावा पाय लक्ष्याकडे लांब टाकणं. आधी कंबर वळते, मग छाती, हात सर्वांत शेवटी येतो. चेंडू सुटल्यावर हात अंगासमोरून डाव्या मांडीकडे उतरतो. मुलांना हे सगळं सांगायचं नाही. चार शब्द पुरे: *कूस, कोपर, पाऊल, फेक.* एका वेळी एकाच शब्दावर काम.

चुका ठरलेल्या असतात. ज्या हाताने फेक त्याच बाजूचा पाय पुढे पडतो, त्यामुळे कंबर वळूच शकत नाही. कोपर खाली राहतं आणि चेंडू वर उडतो. चेंडू तळव्यात घट्ट धरला जातो, बोटांत नाही, त्यामुळे मनगटाचा झटका लागत नाही.

पण यातल्या बऱ्याच चुका आपणच घडवतो. तीन मीटरवर लक्ष्य ठेवून "नेम धरा" म्हटलं की मूल अंग न वळवता ढकलतं, कारण तेवढ्या अंतराला तेच सोयीचं आहे. मोठा चेंडू दिला की दोन्ही हातांनी ढकलतं. म्हणून सुरुवातीला नेम नकोच. मुठीत मावेल असा मऊ चेंडू, भिंतीपासून सहा-आठ मीटर अंतर, आणि सूचना एकच: "जोरात." जोर लावायचा म्हटल्यावर शरीर आपोआप वळायला लागतं. नेम नंतर. पाय चुकत असेल तर जमिनीवर फक्कीने पावलाची खूण करा, तोंडाने दहादा सांगण्यापेक्षा लवकर सुधारतं.

समितीला विचारा, यातलं मधल्या सुट्टीत काय होतं?

---

जुनीवही

वरच्याला जोड. फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये कौशल्य शिकण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या त्या इथे कामी येतात. पहिल्या पायरीवर मूल विचार करत हालचाल करतं, चुका मोठ्या आणि दर वेळी निराळ्या. दुसऱ्या पायरीवर चुका कमी होतात आणि आपली चूक आपल्यालाच कळू लागते. तिसऱ्यावर हालचाल अंगवळणी पडते आणि लक्ष भोवतालाकडे मोकळं होतं.

पहिल्या पायरीवरच्या मुलाला थेट सामन्यात टाकलं की ते चेंडूपासून पळतं. आपण त्याला आळशी किंवा भित्रं ठरवतो, आणि तो शिक्का वर्षानुवर्षं राहतो. खरं तर हाताकडे लक्ष देऊ की प्रतिस्पर्ध्याकडे, एवढाच त्याचा पेच असतो.

---

सातवीब

खिलाडूवृत्ती, संघभावना यांचं काय? ते लिहावं का? सगळेच लिहितात म्हणून विचारते.

---

रेषेबाहेर

लिहा, पण "खेळाने चारित्र्य घडतं" असं नाही. खेळाने फसवाफसवी, दादागिरी आणि पंचाशी हुज्जतही शिकता येते, त्याच मैदानावर आणि त्याच चेंडूने. काय शिकलं जाईल ते तास कसा बांधलाय त्यावर ठरतं.

उलटा परिणाम करणाऱ्या चार सवयी आधी बंद करायच्या.

दोन कप्तानांनी आळीपाळीने खेळाडू निवडणं. शेवटी उरणारं मूल कोण ते सगळ्या वर्गाला आधीच माहीत असतं. गट शिक्षकाने यादी करून आधीच पाडावेत, काम एका मिनिटाचं आहे.

बाद झाला की बाहेर. सर्वांत कच्चा आधी बाहेर जातो, म्हणजे ज्याला सरावाची गरज जास्त त्यालाच तो सर्वांत कमी मिळतो. बाद झालेल्याने कडेला ठरलेली एक कृती करून लगेच परत यावं, इतका बदल पुरतो.

शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या किंवा उठाबशा. ज्या गोष्टीची गोडी लावायची तीच दंड म्हणून वापरली, तर मूल काय शिकेल हे सांगायला नको.

सगळ्यांसमोर वजन मोजून मोठ्याने सांगणं. याचा शैक्षणिक उपयोग शून्य आणि नुकसान पक्कं.

आता घडवायचं कसं. शारीरिक शिक्षणाचे अमेरिकन अभ्यासक डॉन हेलिसन यांनी जबाबदारीच्या पायऱ्या मांडल्यात: दुसऱ्याचा आदर, स्वतः प्रयत्न करणं, सांगितल्याशिवाय काम करणं, दुसऱ्याला मदत, आणि हे मैदानाबाहेरही नेणं. तासात त्यासाठी प्रत्यक्ष कामं द्यावी लागतात. पंच नेमायचा आणि त्याचा निर्णय चुकला तरी खेळ पुढे न्यायचा. साहित्य मोजून ठेवणारी जोडी दर आठवड्याला बदलायची. एकाने दुसऱ्याची फेक बघून "पाऊल पडलं" किंवा "नाही पडलं" एवढंच सांगायचं. शेवटच्या तीन मिनिटांत प्रश्न: आज कुणामुळे तुझं काम सोपं झालं?

अपंगत्व असलेल्या मुलाला गुण मोजायला बसवणं हेही याच यादीत यायला हवं. जागा, कृती, साहित्य, माणसं या चारांतलं काहीतरी बदलता येतं. अंतर कमी करा, एक टप्पा पडू द्या, चेंडू हलका किंवा आवाज करणारा घ्या, जोडीदार द्या. आधी एकच बदला, लागला तर दुसरा.

---

शिट्टी

४४ मुलं, सहा चेंडू, अर्धं मैदान. आरामात होतं.

प्रत्येकी १० गुणिले १० मीटरचे सहा चौकोन आखा, तीन-तीनच्या दोन ओळींत, मध्ये तीन मीटर मोकळी पट्टी. लागणारी जागा ३६ गुणिले २३ मीटर, शंकू २४. मधली पट्टी वाचवायला जाऊ नका. दोन गटांतली मुलं एकमेकांवर आदळतात ती तिथेच.

प्रत्येक चौकोनात सात जण: चार पास देणारे, दोन अडवणारे, एक मोजणारा. ४२ झाले. उरलेल्या दोघांना दोन गटांत दुसरा मोजणारा करा. एक निरीक्षणं लिहील, एक पास मोजेल.

वेळ साधारण अशी. मैदानावर येणं चार मिनिटं, हजेरी गटप्रमुखांकडून. सगळ्यांना उन्हात उभं करून नावं पुकारत बसलं की तासाचा सातवा हिस्सा तिथेच गेला. वॉर्म-अप पाच मिनिटं, तोही त्याच चौकोनात चालत, धावत, दिशा बदलत, शेवटी चेंडू घेऊन. उभ्याने एकेक स्नायू मिनिट-मिनिट ताणत बसण्याची इथे गरज नाही, त्याने लगेचच्या धावण्या-उडीचा जोर थोडा कमीच होतो. मग आठ मिनिटं कौशल्य, बारा मिनिटं चार विरुद्ध दोन, तीन मिनिटं चर्चा, तीन मिनिटं आवराआवर. झाले पस्तीस.

चार विरुद्ध दोन खेळाचा नियम: चेंडू हातात घेऊन पाऊल टाकायचं नाही, तीन सेकंदांत पास द्यायचा, सलग पाच पासना एक गुण. दीड मिनिटाची फेरी, अर्ध्या मिनिटात भूमिका बदल, अशा सहा फेऱ्या. प्रत्येक मूल निदान एकदा अडवणारं होतं.

इथे नेहमी बिघडतं ते असं: चारही जण चेंडूकडे धावतात आणि घोळका होतो. ओरडू नका. खेळ थांबवा आणि विचारा, "चेंडू तुझ्याकडे नसताना तू कुठे उभा राहशील?" उत्तर मुलांकडून येतं, कोपऱ्याकडे, अडवणाऱ्याच्या आडून बाहेर. हा विचार बंकर आणि थॉर्प या ब्रिटिश शारीरिक शिक्षण-अभ्यासकांनी १९८२ मध्ये मांडला. आधी खेळाचा पेच कळू द्या, मग त्या पेचाला लागणारं कौशल्य शिकवा. टिपणात हे ठळक लिहा, कारण "निर्णयक्षमता" हा मोघम शब्द इथे डोळ्यांना दिसतो.

तरीही पाच पास होत नसतील तर एक अडवणारा काढा. सारखे होत असतील तर चौकोन आठ मीटरचा करा.

---

मोकळंढाकळं

एवढं आखून मुलांचा खेळ मारू नका. कधीतरी नुसतं हुंदडू द्या की.

---

शिट्टी

हुंदडायला हवंच, आणि रोज हवं. त्यासाठी सुट्टी राखा, ती कापू नका. पण सुट्टीला तास म्हणायचं नाही.

---

जुनीवही

राहिलं मूल्यमापन. हा भाग फसला तर बाकीचं टिपणही फसतं.

धावण्याच्या वेळेवर मार्क देऊ नका. सातवीच्या एकाच वर्गात वयात आलेली आणि न आलेली मुलं शेजारी शेजारी असतात. उंची, स्नायू, वजन यांत काही वर्षांचं अंतर असतं. त्या वयात वेगाला मार्क देणं म्हणजे लवकर वयात आल्याबद्दल मार्क देणं.

२० मीटरची शटल रन (दोन रेषांमध्ये आवाजाच्या खुणेबरोबर ये-जा धावणं) घ्यायला हरकत नाही. लुक लेजर यांची ही चाचणी ताशी ८.५ किलोमीटरने सुरू होते आणि दर मिनिटाला वेग ताशी अर्धा किलोमीटरने वाढतो. सत्राच्या आरंभी एकदा, शेवटी एकदा. तुलना मुलाची स्वतःशीच, यादी भिंतीवर नाही. धाप लागणं म्हणजे काय हे शिकवायला ती फार चांगली आहे: थांबल्याबरोबर १५ सेकंद नाडी मोजा, चारने गुणा, दोन मिनिटांनी पुन्हा मोजा, दोन्ही आकडे वहीत. ठोके किती लवकर उतरतात हे मूल सत्रभर स्वतः बघतं. (गणिताच्या शिक्षकांना आलेखासाठी आयती आकडेवारी. समितीत हे आवर्जून सांगा.)

मार्कांसाठी निरीक्षण-तक्ता करा. फेकीचे चार निकष वर आलेच आहेत, प्रत्येकापुढे "दिसलं" किंवा "अजून नाही". एका तासात ४४ मुलं तपासायला जाऊ नका, नऊ बघा. पाच तासांत वर्ग संपतो. त्यात दोन गोष्टी जोडा: खेळात मोकळी जागा शोधतो का, आणि जोडीदाराची चूक नीट सांगतो का. शरीर, विचार आणि वर्तन, तिन्हींची नोंद झाली.

---

सातवीब

फेकीचा क्रम, चौकोन आणि तक्ता, तिन्ही घालते. "मुलं नुसती खेळतात" याला आकड्यात उत्तर देता येईल का? आमच्या तासात मुलं खरंच किती वेळ हलती असतात ते कसं मोजायचं?

---

गणितवाली

चार मुलं निवडा. दोन मुलगे, दोन मुली, आणि त्यांतलं निदान एक नेहमी मागे लपणारं. सगळी चपळ निवडलीत तर आकडा खोटा येईल. १० सेकंद एका मुलाकडे बघा, पुढच्या १० सेकंदांत लिहा: बसलंय, उभं आहे, चालतंय की धावतंय. प्रत्येकाकडे सलग चार मिनिटं, म्हणजे १२ नोंदी, मग पुढचं मूल. चौघांचं झालं की पुन्हा पहिल्यापासून, तास संपेपर्यंत. "चालतंय" आणि "धावतंय" यांची बेरीज भागिले एकूण नोंदी. सुरुवात घंटेपासून करा, मैदानावर पोचल्यापासून नाही. नाहीतर वाया जाणारी पहिली मिनिटं मोजणीत येतच नाहीत.

आत्ता चालतो तसा एक तास मोजा, आणि शिट्टी यांच्या आखणीचा एक. मोजायला दुसऱ्या शिक्षकाला बसवा, शिकवणाऱ्याने स्वतः मोजू नये. हवं तर मला बोलवा, त्या वेळी माझा तास रिकामा असतोच.